शाळेच्या कामाची वही (१९९४-९५)

किल्लारीच्या भूकंपानंतर मी एका स्वयंसेवी संस्थेत स्थापत्य अभियंता म्हणून दोन वर्षं काम केलं. तेव्हाच्या उमरगा तालुक्यातल्या एका गावच्या जिल्हा परिषद शाळेचं काम माझ्याकडे होतं. त्या वेळी रोज रात्री लिहिलेल्या वहीतल्या काही नोंदी इथे उतरवतोय. अगदी तुटक वाक्यं तेवढी पुरी केली आहेत. गावाचं आणि माणसांची नावं गाळली आहेत. शेवटची नोंद सहा वर्षांनंतरची, त्याच वहीच्या उरलेल्या पानावरची.

२१ नोव्हेंबर १९९४, सोमवार

शाळा पाहिली. एका ओळीत चार खोल्या, पूर्वेला तोंड, पुढे लाकडी खांबांची पडवी. उत्तरेकडच्या दोन खोल्या भूकंपात बसल्या, ढीग वर्षभर तसाच पडून आहे, त्यावर घाणेरी उगवलीय. दक्षिणेकडच्या दोन उभ्या आहेत पण कुलूपबंद. मुलं मैदानातल्या पत्र्याच्या शेडमध्ये बसतात. पहिली ते चौथी मिळून ९४ मुलं, दोन गुरुजी, एक बाई.

नव्या जागी वसवायच्या ५२ गावांत हे गाव नाही. सास्तूर, होळी, राजेगाव, पेठ सांगवी पार झोपली, त्यांना नवी गावठाणं मिळणार. इथे पडझड झाली, माणसंही गेली, पण गाव उरलं. म्हणून ते जागच्या जागी राहणार, आणि घरंही तीच, दगडमातीची.

‘एवढी जाड भिंत पडली कशी?’ हे मला वर्षभर प्रत्येक गावात विचारलं गेलंय. इथे उत्तर उघडंच पडलंय. कोसळलेल्या खोलीला लागून भिंतीचा छेद दिसतो. रुंदी अडीच फूट. बाहेरून घडीव काळा दगड, आतून ओबडधोबड दगड, आणि मधल्या पोटात चिपा आणि माती. म्हणजे ती एक भिंत नाहीच. दोन बारीक भिंती पाठीला पाठ लावून उभ्या केल्या आणि मध्ये माती भरली. बाहेरच्या पदरातला एकही दगड आतल्या पदरापर्यंत पोचत नाही. जमीन हलायला लागली की मधली माती दबत खाली जाते, पाचरीसारखी दोन्ही पदरांना बाहेर रेटते, भिंतीचं पोट सुटतं, आणि बाहेरचा पदर बाहेर, आतला आत पडतो. आत माणसं झोपलेली असतात.

वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. त्याची माती मोजली, पावणेदोन फूट भरली. गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी नवी पांढरी माती टाकायची, जुनी काढायची नाही, असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. एका चौरस फुटावर ऐंशी किलोच्या आसपास वजन होतं. वीस बाय सोळाची खोली धरली तर मुलांच्या डोक्यावर पंचवीस टन.

पडलेल्या खोल्यांत तिसरी-चौथीचे वर्ग भरायचे. भूकंप झाला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, शाळा रिकामी होती. मोठे गुरुजी ढिगाकडे बघत म्हणाले, “सात तास उशिरा झाला असता तर...” आणि पुढचं बोललेच नाहीत.

२४ नोव्हेंबर १९९४

रात्री मारुतीच्या पारावर बैठक. मी मांडलं ते असं: दोन उभ्या खोल्यांचं मजबुतीकरण करू, पडलेल्या दोन त्याच दगडात पण सिमेंटमध्ये नव्यानं बांधू. पाच मिनिटांत सगळा पार उठून बोलायला लागला. दगड नको. विटा आणा, सिमेंटचे ठोकळे आणा, वर स्लॅब टाका, पण दगड नको.

बायका मागे बसल्या होत्या. त्यांतली एक उभी राहिली. “ह्याच दगडाखाली माझी सासू गेली. त्याच दगडात आता लेकरं बसवू का, सायेब?”

मला उत्तर देता आलं नाही. मी सळया, सिमेंट, पट्टे असं काहीतरी बोललो आणि माझं मलाच जाणवलं की मी तिच्या प्रश्नाला उत्तर देत नाहीये. ठराव झाला नाही.

पण मी मागे हटणार नाही, आणि त्याचं कारण शाळेपेक्षा मोठं आहे. गावात दोनशेच्या वर दगडमातीची घरं उभी आहेत. ती पाडून सगळ्यांना स्लॅबची घरं कोणी बांधून देणार नाही. सरकारची दुरुस्ती आणि मजबुतीकरणाची योजना आहे, पण भिंतीला काय करायचं असतं ते गावानं डोळ्यांनी बघितल्याशिवाय ते पैसे गिलाव्यात आणि रंगात जातील. आज माणसं दिवसा घरात वावरतात आणि रात्री अंगणातल्या पत्र्याखाली झोपतात. चार पावसाळे गेले की भीती ओसरेल आणि माणसं पुन्हा त्याच माळवदाखाली जाऊन झोपतील. १८ ऑक्टोबर १९९२ला धक्के बसले तेव्हाही किल्लारीची माणसं बाहेर झोपली होती. वर्षभरात आत गेली.

काळा दगड वाईट नाही. दगडाला दगड बांधला नाही, एवढीच चूक होती. हे त्या बाईला कसं सांगायचं ते मला अजून सापडलेलं नाही.

२ डिसेंबर १९९४

पायाचे खड्डे घेतले. साडेचार फूट काळी माती, खाली मुरूम. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया मुरमापर्यंत नेणार. उभ्या खोल्यांचा पाया मुरमावरच आहे. जुन्या गवंड्यांना जमीन कळत होती.

मिस्त्री मिळाले. वय साठीच्या आसपास, तीन पिढ्या दगडकामात. त्यांच्याच वडलांनी ही शाळा बांधली. हे त्यांनी मान खाली घालून सांगितलं. मी म्हटलं, मामा, या सगळ्या भागात अशाच भिंती बांधल्या गेल्या, आणि देशाच्या भूकंप नकाशावर हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात आहे. शहाण्या माणसांनाच ठाऊक नव्हतं. ते ‘हूं’ म्हणाले. त्यांना ते पटलं असं मला वाटलं नाही.

जाताना म्हणाले, “तुमी बोलून काय व्हनार न्हाई. बैलगाडी आना. गाडीवर भिंत बांधू.”

११ डिसेंबर १९९४, रविवार

आज कोयनेच्या भूकंपाला २७ वर्षं झाली. तोही पहाटेचाच, मापावर किल्लारीच्या बरोबरीचा. त्या डोंगराळ मुलखात वस्ती विरळ, तिथे दोनशेच्या आसपास माणसं गेली. इथे सरकारी यादीत ७,९२८.

बैलगाडीचा प्रयोग आज झाला. मिस्त्रींनी मंगळवारी गाडीच्या साट्यावर दोन भिंती बांधल्या होत्या. प्रत्येकी तीन फूट लांब, दीड फूट उंच, फूटभर जाड. दोन्हींना पडलेल्या शाळेचाच दगड, दोन्हींना चिखलच, सिमेंटचा कणही नाही. फरक एकच. डावीकडच्या भिंतीत दर वितीवर एक लांब दगड आडवा घातला, या अंगापासून त्या अंगापर्यंत आरपार. चार दिवस उन्हात वाळवल्या.

सगळं गाव आलं होतं. गाडी शाळेपासून निघाली, नांगरटीतून गेली, मग नाल्याच्या उतारावर मिस्त्रींनी बैलांना दामटलं. नांगरटीतच उजव्या भिंतीत उभी चीर पडली. नाल्यात उतरताना तिचं पोट सुटलेलं मी दहा पावलांवरून पाहिलं. घास गिळताना गाल फुगतो तशी ती फुगली, आणि वर चढताना बाहेरचा पदर सगळाच्या सगळा साट्यावर आडवा झाला. डावीचे वरचे तीन-चार दगड घरंगळले, चिखल सांडला, एक कोपरा मोकळा झाला. बाकी भिंत उभी राहिली.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पडताना तसाच आवाज झाला होता, आणि तो आवाज सगळ्यांच्या ओळखीचा. दोन बायका रडत होत्या. एक म्हातारे बाबा पुढे आले, उभ्या भिंतीतला आरपार दगड दोन्ही टोकांना धरून हलवून बघितला. मग त्यांनी पडलेल्या भिंतीचा एक दगड उचलला आणि या दगडाच्या बाजूला धरला, लांबी बघायला.

पारावर बोललेली ती बाई गाडीला फेरी मारून माझ्याकडे आली. “आमच्या घराला असे किती लागतील?”

ठराव रात्री झाला. मला बोलावंच लागलं नाही.

१९ डिसेंबर १९९४

मजबुतीकरण सुरू. आधी माळवद उतरवलं, माती, फळ्या, तुळया सगळं. मातीच्या १८० गाड्या झाल्या. गावानं ती शेतात नेली.

पहिलं भोक आज. उभ्या भिंतीत आता लांब दगड घालता येत नाही, म्हणून आरपार भोक पाडून त्यात सळईसकट काँक्रीट भरायचं. रुडकीचे भूकंप अभियांत्रिकीचे प्राध्यापक आनंद आर्य यांच्यासारख्या माणसांनी वर्षानुवर्षं सांगितलेली ही रीत, कागदावर चार ओळींची. दर दोन फूट उंचीला एक रांग, रांगेत चार-चार फुटांवर एक, वरच्या रांगेतलं भोक खालच्या दोन भोकांच्या मधोमध. दोन खोल्यांना मिळून ११२.

कागदावर चार ओळी, भिंतीवर अर्धा दिवस. पहारीनं ठोकायचं नाही, भिंत हादरेल. मिस्त्री छन्नीनं एका दगडाच्या कडेची माती खरवडत राहिले, दात किडलेला असला की वैद्य हिरडीशी जपतो तसे. दगड हलायला लागल्यावर हातानंच डुलवून बाहेर काढला. मागून भुगा माती, चिपा, सापाची कात आणि एक जिवंत विंचू. मग आतला भाग लांब सळईनं हळूहळू मोकळा करत गेले. आतल्या बाजूला चौथीतली एक मुलगी बसवली होती. बराच वेळ गेल्यावर ती ओरडली, “उजेड आला!” आम्ही वाकून बघितलं. अडीच फूट भिंतीपलीकडून तिचा डोळा दिसत होता.

भोक मध्ये अरुंद, दोन्ही तोंडांशी रुंद ठेवायचं, म्हणजे काँक्रीट डमरूसारखं अडकतं आणि दोन्ही पदर आतून धरून ठेवतं. अडीच सुती सळई (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), दोन्ही टोकांना आकडा. सिमेंट, वाळू, खडी एकास दोन-चारचा माल. आधी भोक पाण्यानं ओलं केलं, मग माल काठीनं रेटत भरला. मिस्त्री याला खुंटी म्हणतात. उद्यापासून वहीतही खुंटीच लिहिणार.

गुरुजींनी एक कल्पना काढली, मला फार आवडली. प्रत्येक खुंटीला गेरूनं नंबर, आणि चौथीची मुलं एका वहीत नोंद ठेवणार. रकाने मुलांनीच आखले: नंबर, भोक आरपार का, सळई पाहिली का, माल भरला ती तारीख, पाणी मारल्याचे दहा दिवस.

६ जानेवारी १९९५

४८ खुंट्या झाल्या. दोन जोड्या लावल्या, दिवसाला सात-आठ होतात.

पहाटे जमिनीतून आवाज आला, लांबवर ट्रक गडगडत यावा तसा. कंप नाही, फक्त आवाज. तरी सगळं गाव बाहेर. मी ज्या घरी राहतो तिथली आजी मिनिटाभरात दोन्ही नातवंडांना कडेवर घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी होती. दिवसभर कामावर कोणी नीट बोलत नव्हतं.

१७ जानेवारी १९९५

वाईट दिवस, आणि तो माझ्यामुळे.

संक्रांतीच्या आधी तीन दिवस मी सळया आणायला लातूरला होतो. काल परत आलो, भिंतीवर ९० पर्यंत नंबर पडलेले दिसले, मोजमाप वहीत ‘९० पूर्ण’ लिहून सही केली. आज दुपारच्या सुट्टीत चौथीतला एक मुलगा त्यांची वही घेऊन आला. ७१ ते ७६ या ओळींत ‘सळई पाहिली का’ हा रकाना कोरा. बाकी सगळं भरलेलं, तेवढाच कोरा. म्हणाला, “आम्ही पाहिली न्हाई, म्हणून लिहिलं न्हाई.”

मिस्त्री घरी होते, सणाचे. दुसऱ्या जोडीतल्या पोरांना विचारलं. आधी म्हणाले घातली. मग एकानं सांगितलं की आकडे वाकवलेल्या सळया संपल्या होत्या, नवीन वाकवायला वेळ जाईल आणि सणाला घरी जायचं म्हणून तीन भोकं नुसत्या मालानं भरली. कुठली तीन ते आता त्यालाही आठवत नाही.

सहाच्या सहा फोडल्या. सळया निघाल्या तीनमध्येच. बाहेरून सहाही सारख्या दिसत होत्या, हेच दिवसभर डोक्यात घोळतंय. गिलावा झाला असता तर जगातल्या कुठल्याही इंजिनियरला त्या भिंतीकडे बघून फरक सांगता आला नसता. फरक दिसला असता तो फक्त भूकंपात.

पोरांना मी रागावलो नाही. न बघता सही मी केली होती. गुरुजींसमोर ती सही खोडली, शेजारी कारण लिहिलं. संध्याकाळी मिस्त्री आले, सगळं ऐकलं, पोरांना एक शब्द बोलले नाहीत. स्वतः बसून चाळीस सळयांचे आकडे वाकवले, रात्री नऊपर्यंत.

आजपासून नियम: कुठलीही सळई, कुठलंही भोक, कुठलाही सांधा तीन माणसांनी बघितल्याशिवाय झाकायचा नाही. एक गुरुजी, एक पंचायतीचा माणूस, आणि शाळेतल्या मुलांपैकी एकाची आई. मुलांची वही चौथी.

१३ फेब्रुवारी १९९५

विधानसभेच्या मतदानासाठी शाळेचं आवार केंद्राला दिलं होतं, त्यामुळे काम आठवडाभर बंद. आज पुन्हा सुरू.

११२ खुंट्या संपल्या. आता दारा-खिडक्यांच्या वरून जाळीचा पट्टा. भिंतीच्या आतून आणि बाहेरून वेल्ड केलेली जाळी सलग फिरवायची, खिळ्यांनी भिंतीला धरायची, दोन्हीकडच्या जाळ्या मधून तारेनं बांधायच्या, वर सिमेंटचा गिलावा. पिंपाला लोखंडी कडं असतं तसा खोलीला हा पट्टा. कोपऱ्यात जाळी तोडून चालत नाही. ती वळवून पुढच्या भिंतीवर फूटभर तरी न्यावी लागते. भिंती एकमेकींपासून सुटतात त्या कोपऱ्यातच. उभ्या खोल्यांच्या चारपैकी तीन कोपऱ्यांत वरपासून खिडकीपर्यंत चिरा आहेत.

आजच्या पाहणीला दुसरीतल्या एका मुलाची आई होती. तिनं कोपऱ्यातली जाळी बोटानं ओढून बघितली, दोन खिळे निघाले. पुन्हा ठोकायला लावले.

९ मार्च १९९५

पाणी नाही. गावची विहीर तळाला गेली, टँकर एक दिवसाआड. नव्या खोल्यांचं जोतं झालंय, भिंती चालू आहेत, आणि सिमेंटला पाणी मिळालं नाही तर सगळं फुकट. माणसांना प्यायला नाही तिथे भिंतीला पाणी मागायचं माझ्या जिवावर आलं होतं.

बायकांनीच तोड काढली. मजबुतीकरणाच्या योजनेत गावोगावी संवाद सहायक म्हणून बायका नेमल्या आहेत, इथल्या दोघींनी पुढाकार घेतला. भांडी घासलेलं, धुण्याचं राखेचं पाणी चालेल का विचारलं. साबणाचं नको म्हटलं. मग प्रत्येक घरानं एक हंडा बाजूला ठेवायचा, मुलं संध्याकाळी आणणार, भिंतीवर ओली पोती टाकून त्यांवर शिंपडायचं. सोळा भिंतभागांना सोळा घरं वाटून दिली. एकाही भिंतीचं पोतं वाळलेलं मी बघितलं नाही.

नव्या भिंती पंधरा इंची. दर दोन फुटांच्या थराला आरपार दगड, त्यांच्या टोकांना गेरूचा ठिपका. खिडकी कोपऱ्यापासून दोन फूट आत. प्रत्येक कोपऱ्यात पायापासून वरपर्यंत चार सुती उभी सळई. दगड पडलेल्या शाळेचाच. वडार गडी तो पुन्हा घडवतात, घणाचा आवाज दिवसभर चालू असतो आणि आता त्या आवाजानं कोणी दचकत नाही.

गाडीला फेरी मारणाऱ्या बाईनं स्वतःच्या माळवदाची माती उतरवायला काढलीय. दोन फूट होती, सहा इंच ठेवणार, खाली प्लास्टिकचा कागद. नवरा तयार नव्हता. ती रोज कामावरून आल्यावर चार घमेली उतरवते. दहा दिवस झाले.

१ एप्रिल १९९५, पाडवा

नव्या खोल्यांच्या लिंटल पातळीचा, म्हणजे दारा-खिडक्यांच्या लगेच वरचा, काँक्रीट पट्टा आज भरला. मिस्त्रींनी पट्ट्याच्या सळयांवर आधी गुढी उभारली, मग माल कालवायला सांगितला.

मी कोपऱ्यांशीच उभा होतो. दोन तीन-सुती सळया, दर सहा इंचांवर दोन-सुती रिंगा. कोपऱ्यात सळई काटकोनात वळवून पुढच्या भिंतीत दोन फूट गेलीच पाहिजे, नुसती टोकाला टोक ठेवून चालत नाही. चारही कोपरे तिघांनी बघितले. सरपंच स्वतः आले होते, फेटा बांधून, सणाचे कपडे. गुडघ्यावर बसून टेप धरला.

१८ मे १९९५

छप्पर. गावाला स्लॅब हवाच होता. नव्या खोल्यांना दिला, तिथल्या भिंती तो पेलतात. जुन्या खोल्यांवर ते वजन मी घालणार नाही, यावर दोन बैठका गेल्या. शेवटी तिथे लोखंडी कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) आणि पत्रे, कैच्या भिंतीवरच्या पट्ट्यात नटबोल्टनं पक्क्या. पंचवीस टनांच्या जागी आता एक टनही नाही. पण पत्रा तापतो, वर्ष-दीड वर्ष मुलं त्याच तापलेल्या पत्र्याखाली बसलीत. म्हणून खालून बांबूच्या तट्ट्यांचं छत मारलं. दुपारी दोन वाजता आत बसून बघितलं. सुसह्य आहे, थंड मात्र नाही.

प्रत्येक खोलीला दोन दारं, दोन्ही बाहेर उघडणारी. सुतारानं पहिली दोन सवयीनं आत उघडणारी बसवली होती, ती बदलून घेतली.

१४ जून १९९५, बुधवार

शाळा भरली. रात्री पाऊस झाला होता, मैदानात चिखल, पडवीत चपलांचा ढीग.

गिलावा सगळीकडे झालाय. तिसरीच्या वर्गात फळ्याशेजारी एक फूट बाय दीड फुटाचा तुकडा मात्र उघडा ठेवला. त्यात ३७ नंबरच्या खुंटीचं टोक दिसतं, गेरूचा आकडा तसाच. गुरुजींनीच हट्ट धरला. म्हणाले, आज हे पोरांना माहीत आहे, तीन वर्षांनी जी पहिलीत येतील त्यांना काय दाखवू? भोवतीनं कडा नीट करून घेतली.

तिसरीतली एक मुलगी शेडमध्ये वर्षभर उंबऱ्यावर बसत होती, एक पाय आत, एक बाहेर. आजही दाराशीच बसली. बाईंनी काही म्हटलं नाही. दुसऱ्या तासाला तिनं मागचं दार पाहिलं, उठून ते ढकलून बघितलं, बाहेर जाऊन परत आली, आणि दोन्ही दारांच्या मधल्या रांगेत जाऊन बसली.

दुपारी गुरुजींनी घंटा न देता नुसती शिट्टी वाजवली. ९४ पैकी ८८ मुलं आज हजर होती. शेवटचं मूल मैदानात पोचायला ४१ आकडे मोजून झाले. गुरुजी म्हणाले, अजून कमी करू.

राहिलेली कामं: मागच्या दोन दारांच्या कड्या, पडवीचा कोबा, पश्चिमेच्या भिंतीलगत पाणी साचतं तिथे मुरूम आणि उतार. मुलांची वही गुरुजींच्या कपाटात ठेवली.

३ फेब्रुवारी २००१

२६ जानेवारीला सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी कच्छला भूकंप झाला. शाळा भरायची वेळ, त्यात झेंडावंदनाचा दिवस. अंजारमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत निघालेली मुलं अरुंद गल्लीत होती, दोन्ही बाजूंची घरं त्यांच्यावर आली. बातमी वाचली आणि मोठ्या गुरुजींचं ते अर्धं राहिलेलं वाक्य आठवलं.

संस्थेबरोबर तिकडे जायचं ठरलंय, गवंड्यांना शिकवायला. काल गावच्या एसटीडी बूथवरून मिस्त्रींचा फोन आला. पहिला प्रश्न, “तिथं भिंती कशाच्या हैत?” मी सांगितलं, गावांत पुष्कळ दगडाच्याच, मातीत नाहीतर कच्च्या चुन्यात. थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हंजी पोट तसंच असंल.”

आज सकाळी ते एसटीनं सोलापुरात उतरले. वय पासष्टच्या पुढे, बरोबर दोन तरुण गवंडी. त्यांतला एक ७१ ते ७६ वाला. पिशवीत सुतकी, तीन छन्न्या, ओळंबा, आणि गुरुजींनी पाठवलेली मुलांची वही. तिथल्या गुरुजींना दाखवायला म्हणून. पुठ्ठा सुटला होता, गाडीला अजून दोन तास होते, म्हणून घरून दाभण आणि दोरा आणून शिवून घेतला.